खोक्यातून आलेली स्वस्त स्कूटर: इंजिन फर्स्ट क्लास, रबराला भोपळा

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच परत जातील. इंजिन ५ पैकी साडेचार, चेसी साडेतीन, ब्रेक ३, वायरिंग २, नटबोल्ट १, रबरी पाईप भोपळा, आणि मॅन्युअल म्हणून जे पुस्तक येतं त्याला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा कारण त्यात फोटो एका मॉडेलचे आणि मजकूर भलत्याच मॉडेलचा आहे.

मी कंपनीचं नाव लिहीत नाहीये आणि खरं सांगायचं तर त्याने काही फरक पण पडत नाही. ही जी चीनमधून लोखंडी पिंजऱ्यात बंद होऊन येणारी ५० ते १५० सीसीची स्वस्त स्कूटर असते ना, ती नाव कुठलंही चिकटवा, आतून बहुतेक वेळा एकच असते. इंजिन जीवाय६. मूळ डिझाईन होंडाच्या घराण्यातलं, तैवानच्या किमकोने ते वापरलं वाढवलं आणि मग चीनमधल्या असंख्य कारखान्यांनी त्याच्या कॉप्या काढल्या. ५० सीसीवाल्यावर १३९क्यूएमबी असं कोरलेलं असतं, १५० वाल्यावर १५७क्यूएमजे. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर आणि पुढचे दोन आकडे म्हणजे बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये, ३९ किंवा ५७. हा कोड लिहून ठेवा, पुढे पार्ट मागवताना बॉडीवरच्या स्टिकरपेक्षा हाच कामाला येतो.

आता ही स्वस्त का? माझं मत असं की लोक समजतात तेवढा माल काही वाईट नसतो, शेवटचं काम झालेलंच नसतं. नेहमीच्या कंपनीची गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आधी कोणीतरी मेकॅनिक सगळे बोल्ट बघतो, ऑइल बघतो, ब्रेक सेट करतो, एक चक्कर मारून येतो. इथे ते कोणीच केलेलं नाही, ती पाळी तुमची. विकणारा मात्र जाहिरातीत लिहितो "९५ टक्के असेंबल्ड". उरलेल्या ५ टक्क्यांत पुढचं चाक आणि ब्रेक येतात हे लिहीत नाही.

खोकं आलं की आधी ड्रायव्हरला थांबवून ठेवा. पुठ्ठा फाटलाय का, पिंजरा वाकलाय का, खाली तेल सांडलंय का ते बघा, फोटो काढा आणि काही दिसलं तर सही करताना कागदावरच लिहा, नंतर फोनवर कितीही ओरडलात तरी ऐकत नाहीत. मग चेसी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी जुळतात का ते बघा, कारण एक अक्षर जरी इकडचं तिकडे असलं तरी रजिस्ट्रेशनच्या वेळी तुम्हाला घिरट्या घालाव्या लागतील, आणि ते जोडून चालवून झाल्यावर कळण्यापेक्षा खोक्यात असतानाच कळलेलं बरं. पिंजरा उघडायला गोटी पान्याचा सेट, एक पक्कड आणि हातमोजे. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मोजे घाला खरंच. आणि स्कूटर पिंजऱ्यातून उचलायला दुसरा माणूस हवाच, ५० सीसीवाली पण एकट्याने उचलायची वस्तू नाही.

टूल्सबद्दल एकच सांगतो, सोबत जी छोटी पिशवी येते ती थेट कचऱ्यात टाका. त्यातले पाने इतके मऊ असतात की नट गोल करून टाकतात. ८, १०, १२, १३, १४, १७ चे गोटी पाने, एक ९ चा पाना (हा कशाला ते खाली येतं), टॉर्क रेंच, फिलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पानं), निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), ब्रेक क्लीनर आणि मल्टीमीटर एवढं घेऊन बसा.

पुढच्या चाकाचं काम दिसतं सोपं पण जरा निवांत करा. चाकाच्या एका बाजूला स्पीडोमीटरची चकती असते ज्यात केबल जाते, आणि तिच्या आतल्या बाजूला दोन छोटी शिंगं असतात ती हबच्या खाचेत बसली पाहिजेत. ती न बसवता एक्सल आवळलात तर शिंगं चेपतात आणि काटा कायमचा शून्यावर. शिवाय त्याच चकतीला बाहेरून एक खाच असते, ती शॉकॲब्सॉर्बरवरच्या खुंटीत अडकली पाहिजे, नाहीतर चाकाबरोबर चकतीच फिरते आणि केबल पिळून तुटते. दुसऱ्या बाजूला स्पेसर. चाक चढवताना डिस्क बरोबर दोन पॅडच्या मधे सरकली पाहिजे, आणि तोपर्यंत ब्रेकचा लिव्हर अजिबात दाबायचा नाही, कारण मधे डिस्क नसताना दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटून बसतात, मग त्यांना मागे ढकलत बसा. पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा असतो तो चाक चढवायच्या क्षणीच काढा. आणि डिस्कला कारखान्यात गंज लागू नये म्हणून तेलाचा हात मारलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी चकचकीत पुसून घ्या. बरेच जण लिहितात की "नवीन गाडीचा ब्रेकच लागत नाही", त्यातल्या निम्म्यांनी हे पुसलेलं नसेल असं मला वाटतं.

हँडलचा जो जाड आडवा बोल्ट असतो तो स्टेमच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे. नुसता वरून दाबून घट्ट वाटलं म्हणून सोडू नका. हे झालं की पुढचं चाक हवेत उचलून फोर्क पुढेमागे हलवून बघा, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, सैल असेल तर टकटक असं हाताला लागतं. माझ्या गाडीचा चांगलाच सैल होता आणि तो भाग "९५ टक्क्यां"मधला.

मग सगळे नटबोल्ट. सगळे म्हणजे सगळे. पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे दोन, इंजिन जिथे चेसीला लटकतं तिथला, मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे, सायलेन्सरचे, स्टँडचे. एकेक काढायचा, आटे पुसायचे, निळ्या थ्रेडलॉकरचा थेंब लावायचा, परत आवळायचा. यात दोन पथ्यं. एक म्हणजे जोर बेताचा, कारण बोल्ट मऊ आणि इंजिनचं केसिंग ॲल्युमिनिअमचं, आटे गेले की नवीन आटे पाडण्याचं काम मागे लागतं. दुसरं म्हणजे थ्रेडलॉकर प्लास्टिकला लागू द्यायचा नाही, त्याने बॉडी पॅनलला तडे जाऊ शकतात. ज्या नटच्या आत नायलॉनची रिंग असते त्याला थ्रेडलॉकरची गरजच नाही.

बॅटरी काही गाड्यांना भरलेली सीलबंद येते, काहींना कोरडी आणि सोबत ॲसिडच्या सहा नळ्यांचं पाकीट. कोरडी असेल तर चष्मा आणि हातमोजे घालून मोकळ्या हवेत ते पाकीट उलटं करून बसवायचं, पूर्ण रिकामं होईपर्यंत हात लावायचा नाही, मग निदान अर्धा तास तशीच ठेवायची आणि त्यानंतर गाडीबाहेरच चार्जरवर लावायची. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहावा भाग, म्हणजे ४ एएच (अँपिअर-अवर) ला ०.४ अँपिअर. उत्साहाच्या भरात लगेच गाडीला जोडून सेल्फ मारत बसलात तर ती बॅटरी जन्मभर अर्धवटच राहील. पूर्ण भरल्यावर मीटरवर १२.८ च्या आसपास दिसलं पाहिजे, आणि नंतर गाडी चालू करून रेस दिल्यावर १४ व्होल्टच्या आसपास. १३ च्या वर जातच नसेल तर रेग्युलेटर नाहीतर स्टेटर (इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल) बघा. ४ एएचची बॅटरी म्हणजे जीव तो केवढा, त्यात रिमोटवाला अलार्म बसवून दिलेला असतो जो रात्रंदिवस तिचं रक्त पितो. मी अलार्मचा प्लग काढून टाकला आणि कुलूप विकत घेतलं.

ऑइलवरून मित्राशी हुज्जत झाली. तो म्हणाला, अरे कंपनीने भरलंय की ऑइल, काढतोस कशाला. पण खोक्यात जे असतं ते किती दिवस पडून आहे आणि काय आहे हे कोणालाच माहीत नसतं, कधी कधी ते फक्त वाटेत गंज धरू नये म्हणून टाकलेलं असतं. माझ्या गाडीतून निघालं ते पातळ आणि राखाडी, उन्हात धरलं तर त्यात चमचम दिसत होती. १०डब्ल्यू-४० ग्रेडचं भरलं. ५० सीसीमध्ये एकूण ०.८ लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे लिटरची बाटली आख्खी ओतायची नाही. काढताना एक गंमत असते, खाली जो मोठा नट असतो तो सोडला की आतून स्प्रिंग आणि जाळी तेलासकट टपकन बाहेर पडते, ती कशी बसली होती ते आधी बघून घ्या, जाळी धुवून तशीच परत. मोठ्या नटचे आटे ॲल्युमिनिअममध्ये असतात म्हणून परत सांगतो, हाताने बसवा आणि मग बेतानेच आवळा. मागे चाकाजवळ गिअरबॉक्सचं वेगळं तेल असतं, ८०डब्ल्यू-९०, १०० ते १२० मिली, ते बदलायचं हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

पहिला स्टार्ट. सेल्फचं बटण दाबता आणि काहीच होत नाही? ब्रेक दाबा, ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. तरी नाही? हँडलवरचा लाल किल स्विच आणि साइड स्टँड बघा. सेल्फ फिरतोय पण इंजिन घेत नाही? घेणार नाहीच लगेच, कारण यात पेट्रोलचा कॉक हाताने फिरवायचा नसतो, इंजिनच्या ओढीने म्हणजे व्हॅक्यूमने उघडतो, आणि कार्बोरेटर कोरडा ठणठणीत असतो. पाच सेकंद सेल्फ, मग थोडं थांबा, परत पाच सेकंद, असं चार-सहा वेळा. सलग दाबून धरलात तर सेल्फ मोटर तापते. किक असेल तर किक वापरा, बॅटरी वाचते. प्लग कंपनीचा असतो तो फेकून एनजीकेचा सी७एचएसए घाला, गॅप ०.६ ते ०.७ मिमी, सगळ्यात कमी खर्चात मिळणारी सुधारणा हीच.

आता जिच्यामुळे ही गाडी लोक "चार महिन्यांत मेली" म्हणून विकून टाकतात ती गोष्ट, टॅपेट, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट. कारखान्यातून टॅपेट कसेही सेट होऊन येतात आणि पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये वॉल्व सीटमध्ये बसत जातात तशी फट अजून कमी होते. एक वेळ अशी येते की वॉल्व पूर्ण बंदच होत नाही, कॉम्प्रेशन जातं, सकाळी गाडी सुरू व्हायला नाटकं करते, गरम झाली की बंद पडते, आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. वाजणाऱ्या टॅपेटची लोक तक्रार करतात, पण आवाज करणारा टॅपेट बरा, गप्प झालेल्याचीच भीती.

काम असं आहे. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी असलेली सगळ्यात छान. सीटखालचा डबा काढा, वॉल्व कव्हरचे चार बोल्ट ८ च्या पान्याने काढा, प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. मग पंख्याच्या बाजूने फिरवत फ्लायव्हीलवरची टी ची खूण कव्हरवरच्या खुणेसमोर आणा आणि वरती कॅमच्या दातेरी चकतीकडे बघा, तिच्यावर एक मोठं भोक आणि दोन छोटी भोकं असतात. मोठं भोक बाहेर कव्हरच्या बाजूला आलेलं आणि दोन छोटी हेडच्या कडेला समांतर असतील तर बरोबर, मोठं भोक दिसतच नसेल तर अजून एक पूर्ण फेरी द्या. मग दोन्ही रॉकरच्या टोकाखाली ०.१० मिमीचं फिलर गेज सरकवून बघायचं, बहुतेक मॅन्युअलमध्ये हाच आकडा असतो. पान सरकताना लोणी कापल्यासारखं किंचित अडलं पाहिजे, सैल नको आणि ओढून काढावं लागतं असंही नको. ९ चा पाना इथे लागतो, लॉकनट त्याने सैल करायचा, चौकोनी टोकाचा स्क्रू फिरवून फट जुळवायची आणि स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळायचा, आणि आवळल्यावर परत मोजायचं कारण आवळताना स्क्रू हमखास हलतो. माझ्या गाडीत एक्झॉस्टच्या बाजूला ०.०५ चं पान पण जात नव्हतं, तेही कोरी गाडी असताना. सेट करून कव्हर लावलं, आणि आधी जी दहा वेळा सेल्फ मागायची ती पहिल्या दमात सुरू झाली, आयडलिंगला हेलकावे खायची तेही थांबलं. पहिल्या ५०० किमीला परत बघा आणि नंतर साधारण ३००० किमीला.

रबराला भोपळा का ते आता. पेट्रोलचा पाईप, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, कार्बोरेटर आणि इंजिनमधला इनटेकचा तुकडा, आणि टायरचे रबरी वॉल्व, चारही टाकाऊ. व्हॅक्यूमची नळी टोकाला चिरली की कॉक नीट उघडत नाही आणि वर हवा आत शिरते, गाडी मिसिंग मारायला लागते आणि माणूस परत कार्बोरेटरवर संशय घेतो. पेट्रोलच्या पाईपला तर तडे गेले की नुसतं बंद पडण्याचा प्रश्न राहत नाही, खाली गरम इंजिन असतं. मी सुरुवातीलाच सगळे चांगल्या प्रतीचे पाईप टाकले, क्लिपा बदलल्या, फिल्टर नवा घातला आणि त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे केला. टायरचा वॉल्व बोटाने वाकवून बघा, मुळाशी बारीक भेगा दिसल्या तर त्यावर वेगात चालवू नका. टायर स्वतः कडक रबराचे आहेत, कोरड्यात ठीक, ओल्यात विश्वास ठेवू नका, ब्रेकचे जे दोन गुण कापले त्यातला एक तिथेच गेला.

कार्बोरेटर मात्र उगाच बदनाम आहे. थंडीत सुरू झाल्यावर मिनिटभर कुरकुर करते कारण मिश्रण कारखान्यातूनच पातळ ठेवलेलं असतं, प्रदूषणाच्या नियमांसाठी. इलेक्ट्रिक चोक आपोआप काम करतो, काही मिनिटांत सुटतो. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलायच्या भानगडीत पडण्याआधी टॅपेट, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि एअर फिल्टर एवढं बघा. महिनाभर उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटरच्या खालचा छोटा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काढून टाका, नाहीतर ते आटून बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो.

बेल्टची बाजू उघडायला हरकत नाही, पण बसवताना एक गोष्ट पाळा. मागच्या पुलीत बेल्ट आतपर्यंत दाबून पुढे ढिला करून घ्या आणि मगच पुढची पंख्याची चकती क्रँकच्या दात्यांवर पूर्ण बसलीय ना ते डोळ्यांनी बघा. बेल्ट मधे अडकलेला असताना नट आवळला तर तो घट्ट लागतो खरा, पण दाते अर्धेच बसलेले असतात आणि थोड्या किलोमीटरमध्ये ते खरवडून निघतात, आणि क्रँक म्हणजे आख्खं इंजिन खोलणं आलं. पुढच्या पुलीतले रोलर काढून बघा, एका बाजूने चपटे झाले असतील तर पिकअप तिथेच मेलाय, ५० सीसीला १६×१३ मिमीचे आणि १५० ला १८×१४ मिमीचे बसतात.

पार्ट मिळण्याच्या बाबतीत ही गाडी महागड्या गाड्यांना भारी पडते, जगभर एकच इंजिन असल्यामुळे कुठलाही पार्ट कुठूनही येतो. फक्त मागवताना मॉडेलचं नाव सांगू नका, बेल्टवर छापलेला नंबर सांगा. ५० सीसीमध्ये ६६९-१८-३० आणि ७२९-१७.५-३० असे दोन येतात, १५० मध्ये ७४३-२०-३० आणि ८४२-२०-३०. पहिला आकडा लांबी, आणि त्यावरूनच तुमचं केसिंग आखूड का लांब ते विकणाऱ्याला कळतं, बाकीचे बरेच पार्ट त्यावरच ठरतात.

घ्यावी का? ज्याला रविवारी हात काळे करायला आवडतात त्याने बिनधास्त घ्यावी. ज्याला किल्ली फिरवून रोज ऑफिसला वेळेत पोचायचंय आणि पाना धरायचा कंटाळा आहे त्याने या खोक्याच्या वाटेला जाऊ नये, त्या पैशात जुनी पण नावाजलेल्या कंपनीची गाडी बघावी. मेकॅनिककडे देऊन करून घेऊ म्हणाल तर बरेच मेकॅनिक ही गाडी बघूनच हात वर करतात, आणि जो करेल त्याची मजुरी धरली तर स्वस्त राहतच नाही.

विकणाऱ्याची सर्व्हिस म्हणाल तर एक इंडिकेटर फुटका निघाला होता, फोटो पाठवल्यावर बदली पाठवला, फक्त तो उजव्याऐवजी डावा पाठवला. परत लिहिलंय. तोपर्यंत उजवीकडे वळताना हात दाखवतोय.